खिशातला नमुन्याचा सूर

माझी बायको माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखते की आज ह्याचं काहीतरी बिनसलंय. तिलासुद्धा हे माहीत नाही. आठ वर्षं झाली. रोज ताटाला ताट लावून जेवतो आम्ही, आणि ही एक गोष्ट मी तिच्यापासून दडवून ठेवली आहे. मुलाला सांगितली नाही, मित्राला सांगितली नाही. देवापुढंसुद्धा मी आपला मोघम बोलतो — चुकलंमाकलं माफ कर. चुकलंमाकलं! जणू काही भाजीत मीठ जास्त पडलं होतं.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर जमलं नसतं. जिंतूरच्या स्टँडमागच्या गल्लीत माझं पेट्यांचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिथं कुणालाही विचारा, तो सांगेल की दिगंबररावांचा कान म्हणजे कान, त्याला तोड नाही. हे ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? धंद्याचं बोलत राहिलं की मूळ गोष्टीवर यायला तेवढाच उशीर होतो.

पेटीच्या पोटात प्रत्येक पट्टीखाली पितळेचा एक चपटा तुकडा असतो. बोटाएवढा, काही त्याहून लहान. त्याला मधे लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला पक्की बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा लागली की जीभ थरथरते आणि वाजते. शिकलेले लोक त्याला रीड म्हणतात, आम्ही सूरच म्हणतो. बहुतेक पेटीवाले सूर तयार विकत आणतात, गुजरातेतून नाहीतर दिल्लीहून. मी हातानं करतो. परभणीच्या उस्मानचाचांकडे शिकलो, आणि चाचा हैदराबादेत शिकले होते. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. शास्त्र एवढंच. पण काढलेलं पितळ परत घालता येत नाही. जास्त उतरलेला सूर टोक घासून पुन्हा चढवता येतो म्हणा — पण तेवढी जीभ पातळ होते, आणि मग तिच्यात तो भरदारपणा राहत नाही.

काम शिकून निघालो तेव्हा चाचांनी मला एक सूर दिला. काळी चारचा, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा, तंतोतंत लावलेला. पत्र्याच्या चपट्या डबीत, कापसात ठेवलेला. नमुन्याचा सूर म्हणतात त्याला. कुठलीही पेटी लावायची तर आधी हा ओठांना लावून फुंकायचा, आणि त्याच्यावरून काळी चार पक्की करायची. मग तिच्यावरून बाकीच्या सगळ्या पट्ट्या. दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांच्यात केसाएवढा जरी फरक असला तरी लाटा ऐकू येतात — वां वां वां. फरक जितका कमी, तितक्या लाटा संथ. दोन्ही एकजीव झाले की लाट विरून जाते. ती डबी मी रोज शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. लोक पेन ठेवतात तिथं.

डबीचं लक्षात ठेवा. मला तर ती विसरताच येत नाही.

आता बुवा. चारठाण्याचे रंगनाथबुवा. आमच्या भागात भजन म्हटलं की बुवांचंच नाव निघायचं. काळी चारचा गळा — म्हणजे काळी चार हा सा धरून गायचे, आणि वर जायला लागले की मंडपाच्या कनातीबाहेर उभे असलेले लोक आत यायचे. मी नवीन दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. बुवांनी आपल्या मंडळाची पेटी बैलगाडीत घालून माझ्याकडे पाठवली, आणि म्हणाले, लाव, बिघडली तर बिघडू दे. त्या एका पेटीवर माझं दुकान उभं राहिलं. बुवा दुसऱ्याच्या पेटीवर कधी गात नसत. सप्ताह कुठल्याही गावचा असो, ही पेटी जीपमध्ये बसून त्यांच्याबरोबर जायची.

सत्तरीला आले तेव्हाची गोष्ट. पेटी घेऊन स्वतः आले, दुकानात बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दिगंबर, पेटी चढलीय रे. वर जाताना लय ताण पडायलाय."

मी डबी काढली, सूर फुंकला, पेटीची काळी चार दाबली. लाट नाही. पेटी जिथल्या तिथं होती. चढलं होतं ते बुवांचं वय.

हे सांगायचं कसं? तुम्ही सांगितलं असतं का? बुवा माझ्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, आणि नजर अशी की डॉक्टरच्या हातातल्या कागदाकडं आपण बघतो ना, तशी. मी म्हणालो, "हो बुवा, चढलीय. उन्हानं पितळ फुगतं." धादांत खोटं. उन्हानं सूर चढत नाहीत, झालाच फरक तर उतरतात. पण बुवांचा चेहरा उजळला. मी सगळे सूर मुळाशी एकेक हात खरवडले आणि पेटी थोडी उतरवून दिली.

दुसऱ्या वर्षी बुवा पुन्हा आले. पेटी पुन्हा चढली होती. तिसऱ्या वर्षीही. मी दरवर्षी, रात्री दुकान बंद करून एकट्यानं, थोडी थोडी उतरवत गेलो. पाच वर्षांत ती काळी चार तिच्या लगतच्या खालच्या पट्टीच्या, पांढरी पाचच्या, जराशी वर कुठंतरी येऊन लटकली — धड ही नाही, धड ती नाही. बोट काळी चारवर, आवाज भलताच. आणि बुवा सगळीकडे सांगत होते, पंच्याहत्तरी आली तरी काळी चार सोडली न्हाई! लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचो.

हे काही मोठं पाप नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, बिघडलं कुणाचं काय?

मंगलचं बिघडलं.

मंगल आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आली तेव्हा विशीतली होती. नुकतं लग्न झालेलं, नवरा टेंपो चालवायचा. दुपारी दुकानात येऊन बायकोशी गप्पा मारता मारता माझे स्क्रू निवडून द्यायची. एकदा मी एक सूर लावत होतो, आणि ती तिकडून, मान वर न करता म्हणाली, "काका, अजून जराशी लाट हाय." मला ऐकू आली नव्हती. कान लावून ऐकलं — होती. त्या दिवसापासून तिला शेजारी बसवलं. नऊ वर्षं बसली. त्या नऊ वर्षांत माझ्या दुकानातून गेलेले निम्मेअधिक सूर तिच्या हातचे होते. प्रत्येक सुराच्या पाठीवर करणाऱ्यानं खूण कोरायची, ही चाचांची शिस्त. मी 'दि' कोरतो. तिच्या सुरांवरही 'दि'च कोरत होतो. तिनं कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

मग तिचा नवरा गावी पाथरीला परत गेला आणि तिनं तिथं स्वतःचं काम सुरू केलं. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक भाता, दोन कानशी. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली. पहिल्यांदा तिला पाथरीच्या भजनी मंडळानं नवी पेटी सांगितली. लाकूडकाम दुसऱ्याचं, पण सूर तिचे, सगळे सदतीस.

त्या सुरांसाठी तिनं काय केलं माहीत आहे? पितळेचा पत्रा आणायला स्वतः हैदराबादला गेली. मी वर्षानुवर्षं फोन करून पार्सल मागवतो, जे येईल ते वापरतो. ती त्या दुकानात बसली, एकेक पत्रा कोपऱ्याला धरून त्यावर खिळ्यानं टिचकी मारून ऐकत गेली, आणि गठ्ठ्यातून तीनच पत्रे निवडून आणले. दुकानदार वैतागला म्हणे. मग सूर केले, लावले, आणि लावलेले तसेच ठेवून दिले दोन महिने. नवा सूर लावल्यावर हळूहळू हलतो, बसायला वेळ घेतो. चाचा एक महिना ठेवायचे. मी? मी आठ दिवस ठेवतो. गिऱ्हाईक दारात उभं असतं, काय करणार! मंगलनं दोन महिने ठेवून पुन्हा लावले, पुन्हा ठेवले, तिसऱ्यांदा लावले. मग प्रत्येकाच्या पाठीवर आपली खूण केली. एक बारीक ठिपका. नाव नाही, अक्षर नाही. मी विचारलं, हे काय, तर हसली. "ज्वारीचा दाणा हाय, काका."

पेटी तयार झाली तेव्हा तिनं सगळ्यात आधी मला बोलावलं. मी वाजवून पाहिली. खिशातली डबी काढायची गरजच नव्हती, पण काढली. फुंकला. लाट नाही. आणि आवाज — माझ्या कुठल्याही पेटीला तसा आवाज नाही. खालच्या पट्ट्यांचा तो भरलेला घोगरेपणा, आणि वर गेलं तरी कुठं चिरकणं नाही. मी म्हणालो, छान झालीय. एवढंच म्हणालो. जिंतूरला परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी माझ्या मनाला सांगत होतो की पत्रा चांगला मिळाला, नशीब एकेकाचं. पत्रा! तीन वेळा लावलेली पेटी, आणि मी श्रेय पत्र्याला देत होतो.

बघा, अजून मी फिरतोच आहे. येतो आता त्या दिवसावर.

पाथरीला सप्ताह होता. शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी चारठाण्याचं मंडळ आणि पाथरीचं मंडळ एकत्र भजन करणार होतं. बुवांची पेटी आणि मंगलची पेटी शेजारी शेजारी. मी पाहुणा म्हणून पुढच्या रांगेत. शाल, नारळ, सगळं झालं होतं. शाल अंगावर तशीच होती. उकडत होतं, तरी काढली नाही, मान मिळाल्यावर लगेच कोण काढतो?

दोन्ही पेटीवाल्यांनी काळी चार धरली.

तुम्ही तो आवाज ऐकायला हवा होता. ऐकायला नको होता. दोन पेट्या एकमेकींना खायला उठल्यासारख्या. पखवाजवाल्यानं हात आखडला. बुवा थांबले. मंडपातलं बायकांचं बोलणंसुद्धा थांबलं. मला मात्र पहिल्या क्षणाला सगळं कळलं. माझ्याइतकं स्वच्छ त्या मंडपात कुणालाच कळलेलं नव्हतं.

बुवा म्हणाले, "ही कोणाची पेटी? लय चढलीय." बायकांमधून मंगल उठून पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माझी हाय, बुवा. पण चढलेली न्हाई." पंच्याहत्तर वर्षांच्या बुवांना, भर मंडपात. कुजबुज सुरू झाली. मग मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "भांडण कशाला? दिगंबरराव बसलेले हायेत. तेच सांगतील, ते म्हणतील ते खरं."

मी उठलो. दोन पेट्यांच्या मधे जाऊन बसलो. एकीची काळी चार दाबली, दुसरीची दाबली. डोळे मिटले. डोळे कशाला मिटले? ऐकण्यासारखं काय होतं? पण लोक बघत होते, म्हणून मिटले. ते नाटक होतं, आणि त्या नाटकात मला थोडी मजासुद्धा आली, हेही सांगून टाकतो.

मग डोळे उघडले आणि म्हणालो, "मंगल, तुझी चढलीय."

ती गडबडली. तिनं फोन काढला, त्यात सूर दाखवायचं ते असतं ना, बरोबर असला की काटा मधोमध उभा राहतो आणि हिरवा होतो, ते. म्हणाली, "काका, ह्याच्यावर बघा की. मधोमध हाय." आणि मी — मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मोबाईलला काय कान असतात का गं?" सगळा मंडप हसला. बुवाही हसले. मला लोकांना हसवता येतं, आधीपासूनच.

ती नाही हसली. फोन तिनं कमरेला खोचला. माझ्याजवळ वाकली आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "काका, तुमचा नमुन्याचा सूर असतोच ना जवळ. एकदा फुका. मंग तुमी म्हणाल तसं."

बास. एवढंच तिनं मागितलं होतं.

मी म्हणालो, "आज घरी राहिला."

डबी माझ्या खिशात होती. शालीखाली. तिचा कोपरा मला छातीला टोचत होता. नऊ वर्षं रोज त्या खिशात ती डबी तिनं पाहिलेली. मी एक दिवसही ती घरी विसरलो नव्हतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं माझ्या शालीकडं पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर असंल." आणि पेटी उचलून, पोटाशी धरून निघून गेली. भजन बुवांच्या पेटीवर झालं. बुवा त्या दिवशी फार सुंदर गायले. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली.

सप्ताह संपल्यावर मंगलनं ती पेटी उघडली आणि खरवडून खरवडून बुवांच्या पेटीच्या बरोबरीला आणली. मंडळाचीच तशी इच्छा होती, दरवर्षी एकत्र भजन करायचं म्हणून. दोन महिने मुरवलेले सूर. तीन वेळा लावलेले. मंडळाला पेटी परत दिली आणि कानशी गुंडाळून ठेवल्या. मानवतच्या आणि सेलूच्या मंडळांनी तिच्याकडं चौकशी केलेली होती, ती माणसं मग माझ्याकडं आली. मी पेट्या करून दिल्या. आठ दिवस मुरवलेल्या. तिनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, "काकू, माझा कानच पक्का न्हाई. उगा लोकांच्या पेट्या कशाला बिघडवू?" बायको मला म्हणाली, अहो, तुम्ही समजवा की तिला, एवढी चांगली पोरगी. मी म्हणालो, बघतो.

आता ती पाथरीत एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देते. मी एकदा रस्त्यावरून जाताना पाहिलं. लांबूनच.

का केलं मी हे? पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगत होतो, बुवांसाठी. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला भर मंडपात सांगायचं का, की तुमची काळी चार पाच वर्षांपूर्वीच गेली? ऐकायला बरं वाटतं हे. पण दोन वर्षांनी बुवा गेले. अगदी समाधानानं गेले, शेवटपर्यंत काळी चार म्हणत. त्यांच्या तेराव्याचं जेवून आलो. त्यानंतर तर राखायला कुणाचं मन उरलं नव्हतं. तेव्हा जाऊन सांगायचं होतं. गेलो नाही. म्हणजे बुवांसाठी नव्हतं ते. मग भीतीपोटी? पाच वर्षं पेटी उतरवत होतो हे उघडं पडलं असतं, कानाचं नाव गेलं असतं. हो, भीती होती. पण भीतीसुद्धा सगळी नाही. तिच्या पेटीवर मी डोळे मिटून बसलो होतो ना, तेव्हा मला एसटीची ती खिडकी आठवत होती. तिचे सूर माझ्या सुरांहून चांगले होते. हे मला सहन झालं नाही. झालं सांगून. तिचा कान माझ्या कानापेक्षा खरा होता, आणि मी तिला तिच्या कानावर अविश्वास ठेवायला लावला. मारहाण केली असती तर निदान तिला कळलं असतं की आपल्याला मारलंय.

इथवर सांगून थांबायचं ठरवलं होतं. पण मागच्या महिन्यात जे झालं ते सांगितलं नाही तर ही सगळी कबुली अर्धवट राहील, आणि अर्धवट सांगण्यात मी पटाईत आहेच.

पाथरीच्या मंडळाचे दोघं जण तीच पेटी घेऊन आले. नवा पेटीवाला आलाय त्यांच्याकडं, जलद वाजवणारा, पार टोकापर्यंत बोटं नेतो. म्हणाले, "काका, उजवीकडची शेवटची पट्टी बेसूर हाय. बाकी पेटी एक नंबर. तेवढं बघून घ्या, आमी बसतो इथंच." चहा सांगितला त्यांना. पेटी उघडली, आतली फळी उलटी केली, सूर सोडवायला लागलो.

आठ वर्षांत मी ती पेटी आतून पाहिली नव्हती. जिभांच्या मुळाशी खरवडल्याच्या रेघा. पहिल्या पाचसहा सुरांवर रेघा वाकड्या, खोल. पुढं सरळ होत गेलेल्या. चुकीचं करतानासुद्धा नीट करायची सवय तिची. मी एक सूर पालथा केला, ठिपका बघायला. ठिपका नव्हता. तिथं कानशीनं घासलेलं होतं, गुळगुळीत. दुसरा पालथा केला, तिथंही नाही. छत्तीस सूर पालथे केले. छत्तिसांवरचा ठिपका तिनं घासून काढला होता.

सदतिसाव्यावर होता. शेवटच्या पट्टीचा, नखाएवढा, सगळ्यात लहान सूर. त्याच्या मुळाशी एकही रेघ नव्हती. तो तिनं जसा केला होता तसाच ठेवला होता.

ती मंडळी चहा पीत होती. मी तो सूर भात्यावर धरून वाजवला. इतक्या वरचा आवाज मला आता धड ऐकू येत नाही — वय. म्हणून तो मोबाईलचा काटा आता माझ्याही फोनमध्ये आहे, हसा तुम्ही. फोन शेजारी ठेवला. काटा मधोमध येऊन उभा राहिला, हिरवा. आठ वर्षांनी, केसभरही हललेला नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. मंडपातच कळलं होतं, किंवा घरी जाऊन. माझ्या शालीखाली काय आहे ते तिला माहीत होतं, आणि तरी तिनं मला चारचौघांत काही म्हटलं नाही. माझ्या बायकोला म्हणाली, माझा कान पक्का नाही. खोट्या सुरांवरून आपली खूण काढून घेतली, आणि जो एक खरा ठेवला त्यावर राहू दिली.

त्या दोघांना मी तेव्हा सांगू शकलो असतो. खरा हा एकच आहे, बाकीचे छत्तीस चुकलेत, आणि ते माझ्यामुळं चुकलेत. दुपारचे तीन वाजले होते. दुकानात आम्ही तिघंच होतो. डबी खिशात होती. त्यातला एक म्हणाला, "लागंल का वेळ, काका?"

मी म्हणालो, "नाही, झालंच."

आणि खरवडणी घेऊन त्या सुराच्या मुळाशी खरवडायला लागलो. पितळेची पिवळी भुकटी बोटाला लागली. काटा हिरव्यावरून हलला, डावीकडं सरकला, तांबडा झाला. बाकीच्या छत्तिसांइतका तांबडा झाल्यावर थांबलो. सूर जागेवर बसवला, पेटी बंद केली. त्यांनी वाजवून पाहिली. आता सगळी एकसारखी लागली. खूश होऊन घेऊन गेले.

ठिपका मी घासला नाही. तो तिथंच आहे. तिनं तिच्या नावावर एकही खोटा सूर ठेवला नव्हता. आता एक आहे, आणि तो मी केलेला आहे.